नाव आणि नियम : एका संगणकीय युद्धखेळातील ‘गुरखा’ या संज्ञेचा विचार

१

दप्तरे, बखरी, बाजार, शेती आणि कारागिरी यांतील शब्दसंग्रहांचा विचार मराठीत थोडाफार झालेला आहे. खेळांतील शब्दसंग्रह मात्र बहुधा करमणुकीच्या खात्यात टाकला जातो आणि तेथेच विसरला जातो. वस्तुतः खेळ ही अशी जागा आहे की जेथे शब्दाला एक नेमके काम दिलेले असते आणि ते काम तो बजावतो की नाही हे लगेच तपासता येते. ज्या खेळात शेकडो वस्तूंना नावे दिलेली असतात आणि प्रत्येक नावामागे एक ठरलेला नियम उभा असतो, तो खेळ अर्थविचाराच्या अभ्यासकाला एखाद्या आटोपशीर कोशासारखाच उपयोगी पडावा.

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ हा संगणकीय युद्धखेळ अमेरिकेतील एन्सेंबल स्टुडिओज या संस्थेने २००५ साली तयार केला. बुद्धिबळात एकाने खेळी केल्यावर दुसऱ्याने करावयाची असते. या जातीच्या खेळात तसे नाही. सर्व पक्ष एकाच वेळी वसाहत वसवितात, लाकूड, अन्न व नाणी गोळा करतात, सैन्य उभारतात आणि लढतात. विचाराला घेतलेला वेळ हाही येथे खर्चच ठरतो. मूळ खेळात युरोपीय सत्तांचा अमेरिका खंडातील झगडा होता. २००६ च्या पुरवणीत अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या सत्ता आल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये बिग ह्यूज गेम्स या संस्थेच्या सहकार्याने ‘द एशियन डायनॅस्टीज’ ही दुसरी पुरवणी निघाली व तीत चीन, जपान आणि भारत यांचा समावेश झाला. २०२० साली या सर्वांची सुधारलेली एकत्रित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

भारतीय पक्षाच्या पायदळात बंदूक चालविणारे दोन प्रमुख घटक आहेत. एकाचे नाव ‘सेपॉय’, दुसऱ्याचे ‘गुरखा’. पहिला जड पायदळात मोडतो, दुसरा हलक्या. दुसरा लांबून नेम धरणारा, म्हणजे रायफलधारी पायदळाच्या जागी उभा असलेला घटक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा घटक आणि त्याचे नाव. ऐतिहासिक खेळाच्या टीकेत सामान्यतः विचारला जाणारा प्रश्न असा असतो की, हे चित्र इतिहासाशी जुळते की नाही. येथे विचारावयाचा प्रश्न थोडा निराळा आहे : खेळाचा नियम या घटकाविषयी जे सांगतो आणि खेळाने दिलेले नाव त्याच्याविषयी जे सांगते, त्या दोहोंत मेळ आहे काय?

२

प्रथम नियमाकडे पाहू जाता असे दिसते की, या खेळात कोणत्याही घटकाचे सामर्थ्य स्वयंभू नाही. घोडदळ हलक्या पायदळावर तुटून पडते आणि त्याची दाणादाण उडविते. जड पायदळ घोडदळाला अडवून धरते. हलके पायदळ लांबून गोळी घालून जड पायदळाला निकामी करते. तोफखाना पायदळाच्या गर्दीत संहार करतो, परंतु वेगवान घोडदळ त्याच्यापर्यंत पोहोचले की तो असहाय होतो. प्रत्येक घटकाला काही वर्गांविरुद्ध गुणक दिलेले आहेत; त्याच्या आघाताचा आकडा समोर कोण आहे यावर वाढतो, घटतो किंवा तसाच राहतो. म्हणून ‘गुरखा किती बलवान आहे?’ या प्रश्नाला खेळात उत्तरच नाही. ‘कोणासमोर?’ असा प्रतिप्रश्न केल्यावाचून तो प्रश्न पुरा होत नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना ओळखीची वाटेल. फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी केलेली आहे. सोंगटी लाकडाची आहे की हस्तिदंताची, याने डावात फरक पडत नाही. तिचे मूल्य पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या संबंधातून ठरते. या अर्थाने ‘गुरखा’ म्हणजे जो ‘सेपॉय’ नव्हे तो; ज्याच्यापुढे जड पायदळ टिकत नाही आणि जो स्वतः घोड्यांपुढे टिकत नाही तो. खेळाचे यंत्र त्याला ओळखते ते ‘हलके, दुरून मारा करणारे पायदळ’ या वर्गचिन्हाने. ‘गुरखा’ हे नाव खोडून तेथे दुसरे कोणतेही नाव घातले तरी एकही आकडा बदलणार नाही.

येथपर्यंत सोस्यूरचा दृष्टांत चपखल बसतो. पुढे मात्र तो अपुरा पडतो. हस्तिदंताला पटाबाहेर काही अर्थ असला तरी तो डावात शिरत नाही. सोंगटीला दिलेले नाव मात्र भाषेतून आलेले असते आणि आपला पूर्वीचा संसार बरोबर घेऊन येते. खेळणारा आकडे पाहतो, पण हाक मारतो ती नावाने. ‘हलके पायदळ पाठवा’ असे तो म्हणत नाही, ‘गुरखे पाठवा’ असे म्हणतो. शेकडो वेळा ही हाक मारल्यानंतर लांबून अचूक नेम धरणे हा एका विशिष्ट लोकसमूहाचा उपजत गुण आहे, अशी समजूत कोणी मुद्दाम शिकविल्यावाचून त्याच्या मनात रुजते. नियम कितीही निर्विकार असला तरी नाव निर्विकार नसते.

३

नावांच्या या व्यवस्थेची तपासणी करताना घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. युरोपीय सैनिकाला कामावरून नाव आणि आशियाई सैनिकाला जन्मावरून नाव, असा सरळ आरोप करणे सोपे आहे. परंतु पुरावा तितका सरळ नाही.

युरोपीय पक्षांचे मस्केटियर, हॅलबर्डियर, पाइकमन, क्रॉसबोमन, ग्रेनेडियर हे सर्व शस्त्रावरून आलेले शब्द आहेत. ‘स्कर्मिशर’ हा शब्द लढण्याच्या पद्धतीवरून आला : मुख्य फळीच्या पुढे विखरून चकमकी करणारा. पोर्तुगीजांचा ‘कॅसॅडॉर’ म्हणजे शिकारी. जर्मन ‘येगर’ याचाही अर्थ तोच. मध्य युरोपात आटे पाडलेल्या नळीची बंदूक प्रथम शिकारी व वनरक्षक यांच्या हाती होती आणि त्यांच्यातूनच रायफलधारी पायदळ उभे राहिले, या इतिहासाची खूण त्या शब्दांत टिकून आहे. रशियाचा ‘स्त्रेलेत्स’ म्हणजे केवळ गोळी वा बाण मारणारा. तथापि याच युरोपीय गटात ‘कोसॅक’ हा एका समाजाच्या नावाने ओळखला जाणारा स्वार आहे आणि ‘हुसार’ हा मुळात हंगेरीचा हलका घोडेस्वार होता. उलट जपानचा बंदूकधारी ‘आशिगारू’ म्हणजे शब्दशः ‘हलक्या पायाचा’. ‘युमी’ म्हणजे धनुष्य. ‘सामुराई’ म्हणजे सेवा करणारा. चीनच्या सैन्यातील ‘छांगदाओ’ किंवा ‘च्यांग’ ही शस्त्रांची नावे आहेत. अमेरिकेतील सू लोकांच्या पायदळात तर ‘वाकिना रायफल’ अशा नावाचा घटक आहे. तेथे प्रत्यक्ष रायफलच सैनिकाच्या नावात आली आहे. म्हणजे खंडांची सरळ वाटणी येथे होत नाही.

भारतीय गटाकडे वळल्यावर मात्र काही विशेष दिसू लागते. ‘सेपॉय’ म्हणजे फारसी ‘सिपाही’, मराठी शिपाई. ‘सोवार’ म्हणजे स्वार. खेळात त्याला उंटावर बसविले आहे. ‘झंबुरक’ हा शब्द मराठी वाचकाला ‘जंबुरका’ या रूपात ठाऊक आहे : उंटाच्या पाठीवरील लहान तोफ. फारसी ‘झंबूर’ म्हणजे गांधीलमाशी. गमतीची गोष्ट अशी की युरोपीय ‘मस्केट’ शब्दाच्या मुळाशीही इटालियन भाषेतील माशीवाचक शब्द आहे; गोळीचा गुणगुणाट दोन्ही टोकांना सारखाच ऐकू आला असावा. ‘माहूत’ आणि ‘हौदा’ ही हत्तीवरील दोन घटकांची नावे. तेथे हत्ती हाकणाऱ्याचे नाव लढणाऱ्याला आणि बसण्याच्या जागेचे नाव साऱ्या पथकाला दिले आहे. लक्षणेची उदाहरणे म्हणून ती वर्गात सांगण्यासारखी आहेत. हे सर्व शब्द कामाचे, वाहनाचे अथवा शस्त्राचे आहेत. याच रांगेत दोन शब्द वेगळ्या जातीचे आहेत : ‘राजपूत’ आणि ‘गुरखा’.

‘राजपूत’ हा तलवारीने लढणारा घटक असल्यामुळे त्याची तुलना दुसऱ्या कोणाशी सहज होत नाही. ‘गुरखा’ची मात्र ‘सेपॉय’शी थेट जोडी लागते, आणि दोष नेमका या जोडीत आहे. युरोपीय पक्षात मस्केटियर व स्कर्मिशर हा भेद एकाच तत्त्वावर केलेला आहे. दोन्ही नावे सैनिक काय करतो हे सांगतात. भारतीय पक्षात मात्र पहिले नाव चाकरीचे आणि दुसरे नाव कुळाचे. शिपाई ही जात नव्हे आणि गुरखा हे कामाचे नाव नव्हे. एवढेच नव्हे, तर कंपनीच्या फौजेतील गुरखा हाही शिपाईच होता. १८१५ साली सिरमूर, नसिरी व कुमाऊँ या नावांनी ज्या पलटणी उभारल्या गेल्या, त्यांतील सामान्य सैनिक हा इतर पलटणींतील सैनिकांप्रमाणे शिपाईच होता. तेव्हा ‘सेपॉय आणि गुरखा’ ही विभागणी ‘झाड आणि आंबा’ अशा विभागणीसारखी आहे. जातिवाचक आणि व्यक्तिविशेषवाचक पदे एका पातळीवर ठेवणे हा तर्कशास्त्रातला जुना दोष. परंतु तो कोशात घडला तर नजरेस येतो, खेळात घडला तर नियमाच्या आड लपतो.

बढतीच्या विशेषणांतही हाच सूक्ष्म भेद आढळतो. युरोपीय घटक उन्नत होत जातो तेव्हा त्याच्यामागे ‘व्हेटरन’, ‘गार्ड’ आणि ‘इम्पीरियल’ ही पदे लागतात : अनुभवी, राजरक्षक, साम्राज्याचा. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना ‘एलीट’, ‘चॅम्पियन’ आणि ‘लेजेंडरी’ : निवडक, अजिंक्य, दंतकथेतला. आशियाई घटकांना ‘डिसिप्लिन्ड’, ‘ऑनर्ड’ आणि ‘एक्झाल्टेड’ : शिस्त लावलेला, सन्मान दिलेला, उंचावलेला. पहिला गट संस्थेतील स्थान सांगतो, दुसरा पराक्रमाची ख्याती सांगतो. तिसऱ्या गटातील तिन्ही पदे कर्मणि धातुसाधिते आहेत आणि त्यांचा कर्ता अध्याहृत आहे. शिस्त कोणी लावली? सन्मान कोणी दिला? व्हेटरनने आपला अनुभव स्वतः मिळविलेला असतो. डिसिप्लिन्ड गुरख्याला शिस्त दुसऱ्या कोणी तरी लावलेली आहे. रचनाकारांच्या मनात असा हेतू होता, असे मुळीच म्हणावयाचे नाही. शब्द निवडणाऱ्याच्या हेतूहून निवडलेल्या शब्दाचे व्याकरण पुष्कळदा अधिक बोलते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

४

‘गुरखा’ या शब्दाचा प्रवास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. नेपाळातील गोरखा हे एक डोंगरी नगर. त्याचे नाव गोरखनाथांवरून पडले अशी परंपरा सांगते. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव या गुरुपरंपरेमुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. ज्या योग्याच्या नावाची एक शाखा आळंदीपर्यंत आली, त्याच नावाची दुसरी शाखा हिमालयात एका राज्याचे नाव झाली. १५५९ साली द्रव्य शाह याने तेथे राज्य स्थापन केले. त्या घराण्यातील पृथ्वीनारायण शाह १७४३ साली गादीवर आला आणि १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे त्याच्या हाती आले. तेव्हापासून ‘गोरखाली’ म्हणजे त्या राज्याचा माणूस, त्या राज्याची फौज आणि कालांतराने त्या राज्याची भाषाही.

१८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांचे युद्ध झाले आणि सुगौलीच्या तहाने ते संपले. युद्ध चालू असतानाच कंपनीने शत्रूकडील सैनिकांना आपल्या पलटणींत घेण्यास आरंभ केला. येथे शब्दाच्या अर्थाला मोठे वळण लागले. मगर, गुरुंग, राई, लिंबू अशा भिन्न भाषांचे व भिन्न समाजांचे लोक या भरतीच्या निमित्ताने एका नावाखाली आले. आरंभीच्या पलटणींत गढवाल-कुमाऊँकडील माणसेही होती. म्हणजे ‘गुरखा’ हे जन्मसिद्ध जातीचे नाव नव्हते. एका राज्याचे नाव भरतीच्या वहीत शिरून लोकसमूहाचे नाव बनले. स्थलनाम, राज्यनाम, भरतीनाम आणि अखेर ‘उपजत लढवय्यांची जमात’ अशा या पायऱ्या आहेत. खेळाने यातील शेवटची पायरी तेवढी उचलली आणि तीच आरंभ म्हणून मांडली.

या प्रवासातील दोन कालबिंदू खेळाच्या संदर्भात महत्त्वाचे आहेत. खेळात भारतीय पक्षाचे राजनगर दिल्ली असून अधिपती अकबर आहे. अकबराचा मृत्यू १६०५ सालचा. गोरखा राज्याचा दबदबा सुरू होण्यास त्यानंतर सुमारे दीड शतक लागले, आणि ते राज्य मोगलांच्या फौजेचा भाग कधी नव्हते. हा कालविपर्यास उघड आहे, परंतु त्यावर फार भर देण्याचे कारण नाही. शोधयुगापासून साम्राज्ययुगापर्यंतची तीनेक शतके एका डावात बसविणाऱ्या खेळाने काळाचे पदर एकावर एक घालावेत हे त्याच्या स्वरूपातच आहे. दुसरा बिंदू अधिक बोलका आहे. याच पुरवणीतील भारतीय कथामालिका १८५७ च्या उठावाभोवती रचलेली असून तिचा नायक कंपनीच्या चाकरीतून बाहेर पडून कंपनीविरुद्ध उभा राहतो. प्रत्यक्ष १८५७ मध्ये सिरमूर पलटण दिल्लीच्या टेकडीवर इंग्रजांच्या बाजूने लढली. तिचा मुख्य मोर्चा हिंदूराव यांच्या हवेलीत होता. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे घराण्यातील, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. तेथे तिच्या शेजारी साठावी रायफल्स ही इंग्रजी पलटण होती. या कामगिरीनंतर १८५८ साली सिरमूर पलटणीला रायफल पलटणीचा दर्जा मिळाला.

‘गुरखा’ आणि ‘रायफल’ हे दोन शब्द त्या काळापासून एकत्र नांदू लागले. याचा परिणाम असा झाला की गुरखा पलटणींतील सामान्य सैनिकाच्या हुद्द्याचे नावच ‘रायफलमन’ झाले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा पहिला नेपाळी गुरखा कुलबीर थापा हा १९१५ साली तिसऱ्या गुरखा रायफल्समध्ये रायफलमन होता. १९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. भारताने पुढे ‘गोरखा’ हे वर्णलेखन स्वीकारले, पण ‘रायफल्स’ हा शब्द आणि ‘रायफलमन’ हा हुद्दा टिकून राहिला. ज्या लष्कराने कुळ पाहून भरती केली, त्या लष्करानेही हजेरीपटावर सैनिकाला कामाचे नाव दिले. खेळाने हा क्रम उलटा केला : कामाचे नाव गाळले आणि भरतीचे नाव तेवढे ठेवले. रायफल त्याच्या हातात राहिली, नावातून गेली.

भाषेच्या बाबतीतही असेच घडले आहे. प्रत्येक पक्षाचे सैनिक हुकूम घेताना आपापल्या भाषेत उत्तर देतात, ही या खेळाची एक वाखाणण्यासारखी सोय. भारतीय पक्षाची भाषा हिंदी आहे आणि गुरखाही त्याच पक्षाचा म्हणून हिंदीच बोलतो. ज्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्या कुळात आहे असे नाव सांगते, त्याच्या तोंडी त्याच्या कुळाची भाषा मात्र नाही. कुळाचा उपयोग ओळखपत्रापुरता, आवाजापुरता नव्हे, असा त्याचा अर्थ होतो.

५

नावाच्या या प्रश्नात केवळ शब्दशुद्धीचा आग्रह असता तर तो येथे मांडण्याची गरज नव्हती. कुळावरून युद्धक्षमता ठरविण्याची कल्पना हिंदुस्थानात एके काळी सरकारी धोरण होती. १८५७ नंतर हळूहळू आणि लॉर्ड रॉबर्ट्स हा १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना ठामपणे, लष्करात भरती कोणाची करावी हे ‘लढवय्या जमाती’ या सिद्धांतावर ठरू लागले. पंजाब व नेपाळ यांकडील भरती वाढली. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील अनेक समाजांना दारे बंद झाली.

महाराष्ट्रात त्याचा फटका ज्यांना बसला त्यांत महार समाज प्रमुख होता. मुंबई इलाख्याच्या पायदळात या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेली होती; १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील मृतांची नावे कोरलेल्या स्तंभावर त्याचा पुरावा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धाच्या गरजेने १९१७ मध्ये एक महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ साल उजाडावे लागले. कोरेगावचा सैनिक आणि १९४१ चा सैनिक यांच्या मनगटात फरक नव्हता. मधल्या काळात फरक पडला तो वहीतल्या रकान्यात.

या पार्श्वभूमीवर नावाचे वजन कळते. ज्या जमातीला ‘लढवय्यी’ म्हटले गेले तिच्या तरुणांना परक्या युद्धांत मरण्याचा मान मिळाला. ज्या जमातीला तसे म्हटले गेले नाही तिची भाकरी आणि प्रतिष्ठा दोन्ही गेली. दोघांनाही लावलेला मापदंड एकच होता आणि तो शब्दाने लावला होता. खेळातील ‘गुरखा’ हे नाव त्या मापदंडाचा अवशेष आहे. ते गौरवपर आहे हे खरे. पण कुळाला गुण चिकटविणारा गौरव हा त्याच नाण्याची उजळ बाजू असतो.

६

मराठी वाचकाला या जोडीत आणखी एक गोष्ट खटकावी किंवा निदान जाणवावी. मराठी बोलीत ‘शिपाई’ आणि ‘गुरखा’ हे दोन्ही शब्द आज दाराशी उभे आहेत. शिपाई म्हणजे कचेरीत साहेबाच्या दालनाबाहेर स्टुलावर बसणारा, फायली पोहोचविणारा मनुष्य. पोलिसांतील ‘शिपाई’ हा हुद्दा सोडला तर शब्दातील शस्त्र गळून पडले आहे. गुरखा म्हणजे मुंबई-पुण्यातील इमारतीच्या फाटकाशी रात्री काठी आपटीत फिरणारा पहारेकरी. तो नेपाळचा असलाच पाहिजे असेही नाही. पायदळाच्या शब्दांची ही उतरण जगभर आढळते. पोर्तुगीज भाषेतील पायी सैनिकाचा वाचक शब्दच आपल्याकडे कचेरीतला ‘प्यून’ झाला आणि फारसी ‘पियादा’ बुद्धिबळात ‘प्यादे’ होऊन पटावरील सर्वांत स्वस्त सोंगटी ठरला. लढाई संपली की पायदळाचे नाव दाराबाहेर उरते.

या दृष्टीने पाहता खेळाने हे दोन शब्द पुन्हा रणांगणावर नेले, ही त्याची एक नकळत घडलेली देणगी मानता येईल. ज्या मराठी तरुणाने ‘गुरखा’ हा शब्द फाटकापाशीच ऐकला, त्याला खेळात तो फळीच्या पुढे उभा दिसतो. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : फाटकावरही तो ‘गुरखा’ आणि फळीतही ‘गुरखा’, व्यक्तीचे नाव कोणी विचारीत नाही.

मग दुसरे नाव उपलब्ध होते काय? होते, आणि ते शोधण्यास फार दूर जावे लागत नव्हते. ज्या अकबराला खेळाने भारतीय पक्षाचा अधिपती केले, त्याच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बंदूकधारी सैनिकांना ‘बंदूकची’ असे सरळ कामाचे नाव आहे. स्वतः अकबर उत्तम नेमबाज होता आणि १५६८ साली चितोडच्या वेढ्यात ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने त्याने जयमलला टिपल्याचे तोच ग्रंथकार सांगतो. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत ‘गारदी’ हा शब्द आहे. युरोपीय ‘गार्द’ शब्दावरून आलेला मानला जाणारा हा शब्द कवायती बंदूकधारी पायदळाला लावीत. १७६१ च्या पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची फौज मराठ्यांच्या बाजूने लढली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला. गारदी कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा असू शकत असे. कवायत आणि बंदूक एवढीच त्याची व्याख्या. ‘बर्कंदाज’ म्हणजे वीज फेकणारा हा शब्दही असाच. अचूक व काव्यमय अशी दोन्ही प्रकारची कामाची नावे भारतीय भाषांत तयार असताना खेळाच्या कोशात कुळाचे नाव आले, याचे कारण इंग्रजी वाचकाच्या कानाला तेवढेच ओळखीचे होते हे असावे. परिचयाच्या मार्गानेच पूर्वग्रह प्रवास करतो.

७

शेवटी पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. खेळाचा नियम सांगतो की सामर्थ्य संबंधात आहे. गुरख्यांची फळी रिकाम्या मैदानात घोडदळासमोर सापडली तर ती मोडते. तिच्यापुढे शिपाई उभे केले तर ती टिकते आणि दोघे मिळून त्यांच्याहून मोठ्या फौजेला भारी पडतात. सरस खेळाडू तो, ज्याला हे परस्परावलंबन समजले आहे. शौर्य नावाचा आकडा या खेळात कोठेही नाही. या अर्थाने खेळाचा नियम हा लढवय्या जमातींच्या सिद्धांताचे खंडनच आहे, आणि ते खंडन खेळणारा प्रत्येक जण आपल्या पराभवांतून शिकतो. नाव मात्र त्याच वेळी उलट सांगत असते : हा अचूक नेम धरतो, कारण हा गुरखा आहे. नाव जन्म सांगते, नियम संबंध सांगतो. एकाच घटकाच्या अंगी या दोन विसंगत गोष्टी नांदतात आणि त्या विसंगतीत या खेळाचे यश व अपयश दोन्ही सामावलेले आहे.

२०२० च्या आवृत्तीत नावांचा पुनर्विचार झाला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. ‘इरोक्वॉय’ यांच्या जागी ‘हौडेनोसौनी’ आणि ‘सू’ यांच्या जागी ‘लाकोटा’ ही त्या लोकांनी स्वतःला लावलेली नावे आली. ‘वसाहतयुग’ जाऊन ‘व्यापारयुग’ आले. नाव हे केवळ वरचे रंगकाम नाही, हे रचनाकारांनीच त्यातून मान्य केले. परंतु तेथे बदललेली नावे लोकसमूहांची होती : परक्याने दिलेले नाव काढून लोकांचे स्वतःचे नाव घातले गेले. ‘गुरखा’ची अडचण याहून वेगळी आहे. ते नाव अपमानकारक नाही आणि ते धारण करणाऱ्यांना त्याचा अभिमान आहे. दोष त्या शब्दात नसून त्याला दिलेल्या जागेत आहे. लोकसमूहाचे नाव लोकसमूहाच्या रकान्यात असावे, कामाच्या रकान्यात नसावे. एवढीच ही मागणी आहे, आणि ती भाषाशास्त्राची आहे तितकीच न्यायाची आहे.

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडा, उंट आणि प्यादी आहेत. प्याद्याला जात नाही. शेवटच्या घरापर्यंत पोहोचलेले कोणतेही प्यादे वजीर होऊ शकते. ज्यांनी तो खेळ रचला त्यांचा समाज समतेचा होता असे नव्हे. परंतु आपल्या समाजातील भेद त्यांनी सोंगटीच्या नावात येऊ दिला नाही. आधुनिक युद्धखेळ पटाहून कितीतरी अधिक तपशीलवार झाला आहे. तपशील वाढताना कोणता तपशील ज्ञानाचा आणि कोणता जुन्या वहीतून उतरलेला, हे ओळखण्याचे काम खेळणाऱ्यावर सोपवून भागणार नाही. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते अंगावर घेतले पाहिजे.